कणबरकरांची फाईल

"दाब की ते 'हो'. किती वेळ नुसती बघत बसणार आहेस?" अण्णा माझ्या पाठीमागून म्हणाले.

पडद्यावर एकच चौकट होती. कस्टमायझेशनची फाईल सापडत नाही, तिच्याशिवाय पुढे जायचं का? खाली दोन बटणं, हो आणि नाही.

मी माऊसवरचा हात काढून घेतला आणि मान चोळली. टेबल असं नव्हतंच. दोन प्लास्टिकचे क्रेट उपडे घालून त्यांच्यावर कपाटाचं निखळलेलं दार टाकलेलं, त्यावर नवा कॉम्प्युटर. मी बसले होते तेलाच्या रिकाम्या डब्यावर. भिंतीवर पाणी चढल्याची रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती. फरशी धुऊन झाली होती, तरी गाळाचा वास होता आणि त्यात खोकल्याच्या औषधाचा गोडसर वास मिसळला होता. फुटलेल्या बाटल्या, भिजून फुगलेले खोके, गोळ्यांच्या पट्ट्यांचा चिखल, सगळं गल्लीत ढिगानं पडलं होतं, महापालिकेच्या ट्रॅक्टरची वाट बघत.

ही गोष्ट दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टमधली. सांगलीतला महापूर नुकताच ओसरला होता. मी तेव्हा हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका ऑफिसात सर्व्हिसला होते. पेठेतल्या निम्म्या दुकानांचे कॉम्प्युटर बुडाले होते. नवा कॉम्प्युटर आणायचा, त्यावर जुनी आवृत्ती चालत नाही म्हणून नवी घालायची, मग जुना डेटा वाचला असेल तर तो तिच्यात आणायचा. दिवसभर हेच. आमचं सांगलीवाडीतलं घरही पाण्यात गेलं होतं. आई आणि मी माधवनगरला मावशीकडे राहत होतो. सकाळी घरातला गाळ ओढायचा, अंगावर पाणी घ्यायचं आणि कामाला निघायचं. कुठल्या दुकानात आहोत हे कधी कधी पाटी बघून आठवावं लागायचं.

पण शेडबाळे मेडिकल एजन्सी मला पाटीशिवाय ओळखता आली असती. भूपालअण्णा शेडबाळे हे औषधांचे घाऊक व्यापारी. हरभट रोडच्या मागच्या गल्लीत खाली दुकान आणि गोडाऊन, वर राहतं घर. माझे बाबा शेवटच्या आजारात होते तेव्हा एक इंजेक्शन सांगलीत, मिरजेत कुठंच मिळेना. अण्णा पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेले आणि बर्फाच्या डब्यातून ते घेऊन आले. बाबा वाचले नाहीत, तो भाग वेगळा. डॉक्टर लोक म्हणायचे, अण्णांकडचा माल म्हणजे डोळे झाकून टोचावा.

"अण्णा, ही फाईल घातल्याशिवाय पुढं गेलो तर तुमची बिलं वेगळी येतील," मी म्हणाले. "बॅच कुठं छापायची, एक्स्पायरी कुठं, सगळं तिच्यात आहे. आणखी काय काय आहे ते मलाही माहीत नाही. ती कणबरकरांनी लिहिलेली."

"बॅच मी पेननं लिहीन."

"डेटा तर सगळा आलाय. फाईलही मिळेल कदाचित."

"डेटा आला ना? मग झालं की. हो म्हण आणि पुढं चल."

डेटा आला होता तो काकूंमुळे. घरातून होडीत उतरताना अण्णांच्या पत्नी पद्मावतीकाकूंनी बॅकअपचा पेन ड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधून नेला होता. पण बॅकअपमध्ये येतो तो फक्त डेटा. सॉफ्टवेअर सगळ्यांना एकसारखंच मिळतं. मग तयार कपडा शिंप्याकडून मापाला करून घ्यावा तसे प्रत्येक दुकानदार त्यात आपापल्या सोयीचे बदल करून घेतात. ते बदल एका वेगळ्या छोट्या फाईलमध्ये असतात आणि तिची आठवण कुणालाच राहत नाही. अण्णांची फाईल जुन्या कॉम्प्युटरबरोबर बुडाली होती.

तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. ते बोलत बोलत दारापर्यंत गेले, पण रिकाम्या दुकानात शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"बोला मगदूम... आहे, आहे. कुत्र्याचीच ना? आहे माझ्याकडं... गालाला? अरेरे... हो हो, संध्याकाळपर्यंत पोचवतो. कॉम्प्युटरच चालू होईना झालाय, बिल निघालं की लगेच."

फोन ठेवून ते परत आले. "दुधगावचे डॉक्टर मगदूम. एका बाईला कुत्रं चावलंय. पुरानं कुत्री पिसाळल्यासारखी झालीत, उपाशी आहेत. लस पाहिजे त्यांना. बघ, लोक खोळंबलेत, आणि तू फाईल फाईल करत बसलीस."

"कणबरकरांना एक फोन करते. नाही म्हणाले तर पुढं जाऊ."

"कशाला त्या म्हाताऱ्याला त्रास?"

माझ्या फोनला खाली रेंज नव्हती. मी जिना चढून वरच्या गॅलरीत गेले.

कणबरकर इचलकरंजीचे. एके काळी आमच्या ऑफिसात होते, मग स्वतःचं सुरू केलं, मग तेही सोडलं. कानानं अधू झाले होते, त्यामुळे फोनवर ओरडायचे.

"शेडबाळे मेडिकल? आहे की! माझ्याकडं सगळ्यांच्या आहेत. मेलेल्या गिऱ्हाइकांच्या पण आहेत."

"नव्या आवृत्तीत चालेल का पण?"

"तशी नाही चालायची. चार ओळी बदलाव्या लागतील. आमच्याकडं पण पंचगंगा येऊन गेली, पण कॉम्प्युटर माळ्यावर होता. तासाभरात मेलवर टाकतो. तुझं घर कसं आहे?"

"गाळ काढतोय अजून."

"काढ, काढ. जपून. विंचू असतात त्यात."

मला बरं वाटलं. सबंध आठवड्यात एक गोष्ट तरी हरवली नव्हती. खाली येऊन मी अण्णांना सांगितलं, "मिळाली. कणबरकरांकडं आहे. पाठवतायत."

मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. ते नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "कशाला फोन केलास? मी नको म्हटलं होतं ना?"

"पैसे नाही मागितले त्यांनी, अण्णा."

"पैशाचं कोण बोलतंय!"

अण्णांनी माझ्यावर आवाज चढवल्याचं मला आठवत नव्हतं. त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं असावं. जवळ येऊन हळू बोलले, "हे बघ विनया. तू दमलीस. तोंड बघ कसं झालंय तुझं. आता एवढं 'हो' दाब, बिल निघतंय तेवढं बघ, आणि घरी जा. फाईल उद्या घाल, परवा घाल. ती काय पळून जातीय?"

मी दमले होतेच. खरं सांगायचं तर मला ते पटलंही. ऑफिसातून सकाळपासून तेच सांगत होते, अडून बसू नका, चालू करून द्या आणि पुढं निघा. मी पुन्हा डब्यावर बसले, माऊस हातात घेतला, बाण 'हो'वर नेला.

आणि लाईट गेली. पडदा काळा झाला.

"झालं!" अण्णांनी कपाळावर हात मारला. वरून काकूंचा आवाज आला, "अहो, गेली परत!" आणि त्यांच्या घाईघाईनं चालण्याचा आवाज.

पुरानंतर हे रोजचंच होतं. लाईट यायची, तासभर राहायची, जायची. अण्णा बाहेर जाऊन कुठल्याशा वायरमनला फोन लावत बसले. काकूंनी मला वर बोलावलं. "ये गं, दोन घास खाऊन घे. सकाळपासून उपाशीच असशील."

वरचा मजला कोरडा होता. पाणी जिन्याच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत येऊन थांबलं होतं. काकूंनी ताटलीत भाकरी आणि मुगाची उसळ दिली. चातुर्मास होता, उसळीत कांदा-लसूण काही नव्हतं, तरी ती मी अधाश्यासारखी खाल्ली. समोर भिंतीला औषधांचा मोठा फ्रीज होता, काचेच्या दाराचा. काकू त्याच्या दाराच्या फटीवर जुनं ब्लँकेट खोचत होत्या.

"थंडावा जाऊ नये म्हणून," त्या म्हणाल्या. "परवा तर लाईट आली, आणि आता बघ."

"पूर आला तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"विश्रामबागला, भाचीकडं. आठवडा उलटून गेला तिथंच. इथलं काही कळायला मार्ग नाही. सगळा गाव अंधारात. आलो तेव्हा वाटलं होतं वर पण काही नसेल." त्यांनी फ्रीजच्या काचेवरून हात फिरवला. आत छोट्या छोट्या खोक्यांच्या रांगा होत्या, कोऱ्या, जशाच्या तशा. "खालचं सगळं गेलं. एवढं तेवढं देवानं ठेवलं. सगळ्यात महाग माल हाच, म्हणतात हे. लसी, इंजेक्शनं. पाण्याचा थेंब लागला नाही बघ."

मी मान हलवली. मी काही औषधांतली नव्हते. पोट भरल्यावर डोळे मिटायला लागले होते, एवढंच मला कळत होतं.

गॅलरीत ठेवलेला माझा फोन वाजला. कणबरकर.

"पाठवली बघ! उघडून घे. आणि ऐक, अण्णांना एक सांग, नाहीतर ते मला शिव्या घालतील. फ्रीजच्या मालाचं बिल लगेच निघणार नाही."

"का?"

"नियम आहे तिच्यात. रोज सकाळ-संध्याकाळ फ्रीजचं तापमान भरायचं. एक दिवस जरी राहिला तरी त्या वेळी फ्रीजमध्ये जो माल होता त्याचं बिल होत नाही. मशीन सोडतच नाही. आता पुरात कोण तापमान भरणार? तेव्हा आधीचा सगळा माल नष्ट केल्याची नोंद करायची, नवा माल आला की पुढं सुरू. समजलं का?"

"हा नियम तुम्ही घातला?"

"मी कशाला घालू? अण्णांनीच घालून घेतला. म्हणाले, काउंटरवर पोरं असतात, रात्री लाईट जाते, घाबरून कुणी सांगत नाही. गरम झालेली लस दिसायला तशीच असते. मी म्हटलं, अण्णा, जिल्ह्यात कुणाकडं नाही असलं लचांड, कशाला डोक्याला ताप? ऐकलं नाहीत. भांडून करून घेतलं माझ्याकडून. बरं, ठेवतो."

मी फोन हातात धरून तिथंच उभी राहिले. आत काकू ब्लँकेट खोचायच्या थांबल्या होत्या. कणबरकरांचं ओरडणं सगळ्या घराला ऐकू गेलं असणार.

"फाईल आली?" त्यांनी विचारलं.

"आली."

काकू खाली बघून पदराचं टोक गुंडाळत, सोडत राहिल्या. "दिसायला तर चांगली आहेत गं सगळी," त्या म्हणाल्या. "मी यांना म्हटलं, नको. तर म्हणाले, मग उद्यापासून काय विकू, गाळ?"

मी जिना उतरले. शेवटच्या पायरीवर आले आणि तिथंच बसले. अण्णा दारातून आत येत होते. माझ्याकडं बघून त्यांना कळलं.

"आली तर फाईल," ते म्हणाले.

"आली."

"घालू नकोस."

ते डब्यावर बसले, माझ्या समोर. दोघांच्या मध्ये बंद पडलेला कॉम्प्युटर.

"कोण म्हणतं बिघडली म्हणून?" अण्णा म्हणाले. "तुला माहिताय? मला माहिताय? त्या कणबरकराला माहिताय? पावसाचे दिवस होते. गारवा होता. फ्रीज बंद होता, पण दार कुणी उघडलं नव्हतं. चांगलीही असतील. मी तर म्हणतो चांगलीच असतील."

"असतील," मी म्हणाले.

"मग?"

"मला काय विचारता, अण्णा? मला त्यातलं कळत नाही."

"विमा नाही," ते म्हणाले. "भरायचा राहिला. ह्या वर्षीच राहिला. तुला काय सांगू, बासष्टाव्या वर्षी परत पहिल्यापासून सुरू करायचं. खालचं सगळं मी ह्या हातानं गल्लीत टाकलं. एक अक्षर बोललो नाही. एवढंच वर राहिलंय. ते पण टाकू?"

बाहेर कुणीतरी घमेल्यानं गाळ ओढत होतं. तो खर्र खर्र आवाज मी आठवडाभर ऐकत होते, घरी, बाहेर, झोपेतसुद्धा.

"अण्णा," मी म्हणाले, "फाईल घातली नाही तरी तुमचं अडत नाही. कॉम्प्युटरचंही अडत नाही. बिलबुक असेल की वर एखादं कोरडं. हातानं लिहा."

मी काही टोमणा मारायला म्हटलं नव्हतं. पूर आल्यापासून सगळी पेठ हातानंच बिलं लिहीत होती. तोंडातून आलं ते असं, जे कुणीही सुचवलं असतं.

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग मोठ्यानं म्हणाले, "पद्मा, बिलबुक आण. आणि कुत्र्याच्या लसीचं एक खोकं."

काकू दोन्ही घेऊन खाली आल्या. मी भिंतीकडं सरकून त्यांना वाट दिली. त्यांनी ते कपाटाच्या दारावर ठेवलं आणि वर न जाता माझ्या मागं पायरीवर उभ्या राहिल्या.

अण्णांनी चष्मा लावला. कार्बन घातला. तारीख लिहिली. डॉक्टर मगदूम, दुधगाव. त्यांचं अक्षर सुरेख होतं, वळणदार. लसीचं नाव लिहिलं. मग बॅच नंबरचा रकाना आला. त्यांनी खोकं उचललं, उजेडाकडं धरलं, नंबर वाचला. पेन कागदावर टेकवलं.

आणि ते तसंच राहिलं.

मी बसून होते. काकू उभ्या होत्या. अण्णांनी एकदा मान वर करून माझ्याकडं पाहिलं, परत खोक्याकडं पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. असं किती वेळ गेला सांगता येणार नाही. मला वाटतं मध्येच एकदा माझी मान खाली पडून डुलकीही लागली असेल.

फोन वाजला तेव्हा मी दचकले. अण्णांनी तो घेतला.

"बोला, मगदूम." ते थांबले. "मगदूम, माल नाहीय माझ्याकडं." पलीकडून आवाज चढला. अण्णा ऐकत राहिले. "होता. आहे पण. पण फ्रीज बंद होता पुरात... हो. सकाळी आहे म्हणालो. चुकलं माझं... नाही, देऊन बघू असं म्हणू नका. बाईला बसवून ठेवा, जखम साबणानं धुतली का? परत धुवा. मी आणतो. कुठून तरी आणतो."

फोन ठेवून त्यांनी बिलाचं ते पान फाडलं, कार्बनखालचंही फाडलं, चुरगळून खिशात घातलं. मग मिरजेला फोन लावला. सलीम इनामदारांना. मिरजेत पुरात लाईट गेली नव्हती आणि इनामदारांशी अण्णांचं कधीच पटलं नव्हतं, दोघे एकाच कंपन्यांच्या मागं असायचे.

"सलीमभाई, भूपाल शेडबाळे बोलतोय... हो, बुडालो... भाई, कुत्र्याची लस पाहिजे. आणि ते जखमेत द्यायचं सीरमही. गालाला चावलंय... आत्ता. तुमच्याकडचीच द्या, माझी खराब झाली." शेवटचे शब्द त्यांनी हळू उच्चारले, पण उच्चारले.

अण्णांची व्हॅन पाण्यात गेली होती. माझी स्कूटर होती. एवढा मोठा व्यापारी माझ्या मागं थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बसला आणि आम्ही मिरजेला निघालो. रस्त्याच्या दोन्ही कडेला लोकांच्या गाद्या, कपाटं, पुस्तकं, फोटो, सगळं वाळत घातलेलं. इनामदारांनी लसी बर्फात घालून तयारच ठेवल्या होत्या. आम्ही निघताना त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "काय लागलं तर सांगा," एवढंच म्हणाले.

दुधगावला पोचलो तेव्हा दवाखान्याच्या बाकावर एक पस्तिशीची बाई गालाला टॉवेल धरून बसली होती. शेजारी तिची सासू. गोठ्यातला गाळ काढताना कोपऱ्यात बसलेलं कुत्रं अंगावर आलं होतं. डॉक्टर मगदूमांनी अण्णांच्या हातून डबा घेतला, पण त्यांच्याकडं बघितलं नाही. आत बर्फ आहे का ते आधी बघितलं.

"लई दुखतंय का ओ ते इंजेक्शन?" बाईनं अण्णांनाच विचारलं. त्यांना ती डॉक्टर समजली असावी.

"दंडातलं नाही दुखत," अण्णा म्हणाले. "गालातलं दुखेल. सोस थोडं."

ती आत गेली. तिचं ओरडणं ऐकू आलं तेव्हा अण्णा बाकाची कड धरून बसले होते.

पुढचं आधी सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. त्या बाईची सगळी इंजेक्शनं झाली आणि ती चांगली आहे. गालावर वण आहे. दुसऱ्या दिवशी मी फाईल घातली, अण्णांनी स्वतः बसून फ्रीजमधल्या एकेका बॅचची नष्ट केल्याची नोंद केली, आणि दवाखान्यांचा कचरा नेणाऱ्या गाडीत ती सगळी खोकी स्वतः नेऊन घातली. वर्षभर त्यांनी ओढत नेलं. मग एजन्सी इनामदारांच्या मुलाला दिली आणि तिथंच सकाळचं काउंटरवर बसायला लागले. लोकांना वाटतं, पुरानं अण्णांना बसवलं. मी कुणाला काही सांगितलं नाही. अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. काकूंना विचारूनच आता लिहितेय.

त्या संध्याकाळी परत येताना समडोळीच्या अलीकडं अण्णांनी माझ्या खांद्यावर टकटक केलं. "थांब जरा. पाठ धरली."

रस्त्याकडेला एका बंद टपरीचं बाकडं होतं, त्यावर बसलो. आजूबाजूचा ऊस गाळानं माखून आडवा झालेला. दिवस मावळत आला होता. अण्णा रिकामा डबा मांडीवर घेऊनच बसले होते.

"विनया, तुला वाटत असेल माझ्या हातून लिहवलं नाही."

मी चपलेचा गाळ बाकड्याच्या पायाला पुसत होते.

"तसं नाही ते. मी लिहिलं असतं. नंबर वाचला होता, पाठही झाला होता. अजून आहे पाठ." त्यांनी नदीच्या दिशेला बघितलं. "तू जिन्यावर बसली होतीस. मी वाट बघत होतो, ही कधी उठते. तू उठून गेली असतीस ना, गाडी चालू केल्याचा आवाज आला असता, की मी लिहून टाकलं असतं. पद्माला मी वर पाठवलं असतं. तुला कसं पाठवू? तू हलेचना. तुझ्या बापाला मी इंजेक्शन आणून दिलेलं. आणि तू बसलीस माझ्यावर पहारा देत."

खोटं बोलता आलं असतं. ते त्यांना बरंही वाटलं असतं कदाचित, आणि मलाही. पण तेवढी ताकद नव्हती.

"पहारा नव्हता, अण्णा," मी म्हणाले. "मला उठवतच नव्हतं. सकाळपासून गाळ ओढलेला. पायात जीव नव्हता. मध्ये तर डोळा लागला माझा."

अण्णांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"झोपली होतीस?"

"थोडीशी."

"मी तिकडं तुझी नजर चुकवतोय, आणि तू झोपलीस?"

"हो."

आधी त्यांच्या तोंडातून नुसता श्वास बाहेर पडला. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, आणि हात पुढं केला, तर ते हसत होते. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मलाही हसू यायला लागलं. रस्त्यानं एक टेम्पो गेला, त्यातली माणसं वळून वळून बघत होती, हे दोघं चिखलातले हसतायत कशाला.

बऱ्याच वेळानं अण्णांनी बाहीनं डोळे पुसले. "बरं झालं बाई," ते म्हणाले. "बरं झालं दमली होतीस."

मग ते उठले, डबा काखेत मारला आणि माझ्या उठण्याची वाट बघत उभे राहिले.